मी सोसलं नव्हतं

आठ वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात आहे. घरात कोणाला ठाऊक नाही, आणि देवासमोर हात जोडते तेव्हा त्यालाही मी ती कधी मुद्दाम सांगितलेली नाही — त्याला काय माहीत नसेल, म्हणा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला जरा सोपं जातंय.

आधीच सांगते, मी काही झुरत वगैरे नाही. चिंचणीच्या अलीकडे आमची चिकूची वाडी आहे, मुलगा-सून जीव लावतात, दुपारी जेवून अंग टाकलं की मला झोप लागते. असं काही करूनही माणसाचं चांगलं चालू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

आमच्या आळीत गुरुवारी बायकांचं भजन असतं. पेटी मी वाजवते, आणि दोन अभंगांच्या मधे चार शब्दही मीच बोलते. बोलायची मला भारी हौस. आमचे हे म्हणायचे, हिच्या हातात माईक दिला तर लाइट जाईपर्यंत सोडणार नाही. तर आठ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कुशीवर नागीण उठली. आधी मुंग्या, मग पाण्याचे फोड, आणि मग आग — निखाऱ्यावर कूस टेकवल्यासारखी. बायका बघायला आल्या. कोणीतरी गेरू उगाळून लावला. सगळ्या अशा भोवती बसलेल्या, आणि मी — काय सुचलं कोण जाणे — म्हणाले, "दुखणं म्हणजे देव अंगाला हात लावतो गं. त्याला गोळी घेऊन हाकलायचं कशाला?"

दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तेवढ्यापुरती आगसुद्धा कमी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्म्याचा नंबर बघायचाय असं घरी सांगून मी एकटीच डहाणूला गेले आणि डॉक्टरांपुढे लहान मुलासारखी रडले. त्या एका रात्रीत मला देवबीव काही दिसला नव्हता. दिसला तो छताचा पंखा. हे माझ्याकडून कोणीतरी घ्या, कोणालाही द्या, पण घ्या — एवढंच मनात होतं. डॉक्टर गुजराती, स्वभावाने गोड. म्हणाले, "बेन, वेळेवर आलात. उशीर केला तर फोड जातात, पण दुखणं मागे राहतं. एक पण गोळी चुकवायची नाय."

मी एक पण चुकवली नाही. मेथीच्या डब्यात पुडी ठेवली होती, तिथे सुनेचा हात जात नसे.

पुढच्या गुरुवारी मी पेटीवर बसले. मग काय विचारता! बाई काय सोशिक, बाईंची श्रद्धा काय! पाठीचं दुखणं असलेली रानशेतची एक बाई तर माझ्या पाया पडून गेली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला हो, आणि छान वाटलं.

इथवर मी फक्त हास्यास्पद होते. इथेच थांबलं असतं तर मी ही गोष्ट भजनात स्वतःच सांगून सगळ्यांना हसवलंही असतं. पण दोन वर्षांनी सुमनला नागीण झाली.

सुमन माझी धाकटी जाऊ. एकाच अंगणात आमची दोन दारं. सकाळी मोरीवर मला गाठून तिने ब्लाउज जरा वर करून दाखवला — कालच उठलेले, ताजे फोड. "वहिनी, मला पण आली," ती म्हणाली. "आता मी पण तुमच्यासारखीच काढणार." चेहरा कसा, तर नवस फळल्यासारखा. डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. त्याच क्षणी आठवलं, नंतर नाही — हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. आणि मी काय म्हणाले? "नाव घेत राहा."

तिसऱ्या दिवशी दिनेशभावजी माझ्या दारात आले. सुमनचा नवरा. कधी कोणाकडे काही न मागणारा माणूस. "वहिनी, माझं ऐकत नाय ती. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल."

गेले. सुमन पडवीत चिकू निवडत होती, उजव्या हाताने. डावा हात अंगापासून लांब धरलेला, पदराचं टोक दातांत. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून येऊ या का?

तिने दातांतला पदर सोडला. "तुम्ही दाखवलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

हे एवढंच. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरत होते ते हेच. काय गेलं असतं माझं? बायका चार दिवस हसल्या असत्या. गुरुवारी मान खाली घालून पेटी वाजवली असती. मी अंगण ओलांडून आले आणि भावजींना सांगितलं, ऐकत नाही हो ती.

तीन महिने ती तळमळली. मला तिच्या दारातून ऐकू यायचं. आणि मागे राहिलं ते अजून आहे — डाव्या कुशीला शिवण सोसत नाही, म्हणून ती घरात ब्लाउज उलटा घालते. बसमध्ये त्या बाजूला पिशवी धरते.

गंमत अशी, की ती सुखी आहे. दुसऱ्या महिन्यात कधीतरी पडल्या पडल्या तिच्या मनातला आईवरचा राग गेला म्हणते. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी धरून बसलेली. "तुमच्यामुळे वहिनी," असं म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवते. तिला त्या दुखण्यात काही सापडलं असेल, ते तिचं तिने शोधलं. मी तिला फक्त दुखणं दिलं, आणि ते ती निमूटपणे घेऊन बसली.

गेल्या महिन्यात आळीतल्या प्रमिलाला नागीण झाली. झरीची पोर, लग्नाला वर्ष झालेलं. सुमन तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली — "ह्यांना विचार, कसं सोसायचं ते." मी चप्पल घातली, रिक्षा बोलावली, आणि त्या पोरीला तशीच डहाणूला नेलं. गोळ्या आणल्या, पहिली माझ्यासमोर गिळायला लावली. आठवड्यात खडखडीत बरी झाली.

तिला नेलं त्या दिवशी संध्याकाळी परत आले तर सुमन ओट्यावर चहा घेत बसलेली. तिला का नेलं, असं तिने विचारलं. रागाने नाही, नवल वाटून. आता सांगता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा.

"तिच्यात तुझ्याएवढं बळ नाही गं," मी म्हणाले.

सुमनचा चेहरा खुलला. "सगळ्यांना कुठे जमतं, वहिनी," ती म्हणाली, "आपल्यासारखं." डावी कूस सांभाळत ती सरकली, मला जागा केली, आणि अर्धा चहा बशीत ओतून पुढे केला. मी बसले. चहा चांगला झाला होता.