दाराच्या आतल्या बाजूला

आसेनकाका गेल्याचं मला मुलाच्या किंडरगार्टनच्या फाटकात कळलं. हॅम्बर्गहून त्यांच्या मुलीचा, वेराचा फोन आला. "पापा सकाळी गेले," एवढंच ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि मी तिला धीर द्यायचा, ते सोडून तीच मला "रडू नका" म्हणत राहिली. त्याला आता दोन महिने होत आले. शेजारी फार चांगले होते, असं मी सगळ्यांना सांगते. शेजारीण कशी होती, ते कुणी विचारत नाही… म्हणून आज मीच लिहिते आहे.

आम्ही जर्मनीत गेर्लिंगेनला राहायला आलो तेव्हा ते आणि त्यांची बायको स्तान्का आमच्या खालच्या मजल्यावर होते. विशीत इथे आलेला माणूस, सगळी हयात लेथवर गेलेली. गाव सर्बियात, बल्गेरियाच्या सीमेला टेकलेलं, जवळचं शहर नकाशावर डिमित्रोव्हग्राद. ते मात्र हट्टानं त्सारिब्रोद हे जुनंच नाव घ्यायचे. घरची भाषा बल्गेरियन. "सर्बियात आम्ही बल्गेरियन, बल्गेरियात गेलो की सर्बियावाले, आणि इथल्या कारखान्यात नुसता युगो, युगोस्लाव्हियाचा कुणीतरी," असं ते हसत सांगायचे. मी म्हटलं, माझंही माहेर बेळगावचं, घरात मराठी आणि राज्य कर्नाटक. त्यांनी लगेच खिशातलं पेन काढलं आणि जिन्यातच पिझ्झाच्या जाहिरातीमागे माझ्याकडून सीमा काढून घेतली. नीट बघून म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे फ्राऊ नाखबारिन, तुम्ही आमच्याच गावच्या." तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायला लागले, आणि ते मला कायम फ्राऊ नाखबारिन, म्हणजे शेजारीणबाईच, म्हणत राहिले.

त्यांच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीतला एक कागद छापतात. वर फोटो, खाली चार ओळी. तो फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर लावायचा. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवा, मग सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि पुढे दर वर्षी. मला हे प्रकरण जरा अतीच वाटलं होतं. तेव्हा त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. तिची सख्खी बहीण सीमेवरच्या तारेपलीकडे, बल्गेरियात. मध्यंतरी सीमा बंद होती, त्या काळात कधीमधी एखाद्या ठरलेल्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांना सीमेवर जमू द्यायचे. एकदा आई आपल्या वडलांचा, म्हणजे काकांच्या आजोबांचा, तो कागद पोलक्यात घडी करून घेऊन गेली आणि तारेवरून बहिणीच्या हातात दिला. आजोबा जाऊन तोवर आठ महिने झाले होते. बहिणीला त्या कागदानं कळलं. "ज्याचा कागद लागला नाही," काका म्हणाले, "तो गेला हे लोकांना कळणार कसं?"

चार वर्षांपूर्वी स्तान्काकाकू गेल्या. चाळिसाव्या दिवशी काकांनी खालच्या मुख्य दारावर, आतून, काचेला कागद लावला. काकू फोटोत हसत होत्या. त्याच आठवड्यात आमच्याकडे बारसं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, आणि बाळाला घेऊन डॉक्टरकडून येताना त्या दारात थबकल्या. "अगं, येता-जाता हा फोटो बाळाच्या तोंडासमोर… आता पाहुणे यायचे, बरं दिसतं का?" एकदाच म्हणाल्या, तेही हळू आवाजात. पुढे कित्येक दिवस मी सगळं त्यांच्या नावावर खपवलं. खरं म्हणजे मलाच ते नको होतं.

श्वाबियात, म्हणजे जर्मनीच्या आमच्या या भागात, इमारतीचा जिना झाडायची पाळी असते, आणि त्या आठवड्यात ती माझी होती. हातात झाडू असला की कुणी काही विचारत नाही. शनिवारी सकाळी मी कागद ओढला. एक कोपरा काचेलाच राहिला, तो पाण्यानं पुसून काढला. बाकीचा रद्दीच्या निळ्या डब्यात, डायपरच्या खोक्याखाली. दुपारी काका जिन्यात भेटले. "फ्राऊ नाखबारिन, स्तान्काचा कागद कुणी काढला, काही कल्पना?" मी म्हटलं, "हाउसफेरवाल्टुंगचं, इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसचं काम असणार. त्यांना दारावर काही लावलेलं चालत नाही." ते म्हणाले, "ना जा… बरं, असेल." रविवारी बारशाला आले ते भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन. सासूबाईंनी ती पोळीबरोबर खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

पाट्यांवरून माणसांची काय तडफड होते, हे मी लहानपणापासून बघितलंय. आमच्या दुकानावरची मराठी पाटी उतरवायला लागली तेव्हा बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते. त्या घरातली मुलगी मी, आणि इमारतीत काकांच्या सिरिलिक लिपीतला एकुलता एक कागद होता, तो मी फाडला. त्यानंतर खालच्या दारावर कागद कधी लागला नाही. काकांनी नाद सोडला असं मी धरून चालले. मला ते सोयीचं होतं. मात्र त्यांच्या घरात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. डबा द्यायचा तो उंबऱ्यावरून, बोलायचं ते जिन्यात. "आत या," ते दर वेळी म्हणायचे. माझ्या मुलाला मात्र त्या ओपाचा, आजोबांचा, भारी लळा. तो जर्मनमध्ये बडबडायचा आणि काका बल्गेरियनमध्ये उत्तरं द्यायचे.

काकांच्या चाळिसाव्या दिवशी वेरा आली. तिनं त्यांचा कागद छापून आणला होता. मी मोठ्या तोंडानं म्हटलं, "चल, खालच्या दारावर लावू." ती म्हणाली, "नको. पापांनी सांगून ठेवलंय, खाली लावू नको. वरच्या आजीला, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, भीती वाटत असावी, घरात लहान मूल आहे. पापांनी तुम्हाला कागद काढताना जिन्यातून पाहिलं होतं." म्हणजे दुपारी त्यांनी विचारलं ते माहीत असूनच. मला बोलायला जागा करून दिली होती त्यांनी, आणि मी हाउसफेरवाल्टुंगचं नाव घेतलं. "वेरा, मी…" असं काहीतरी सुरू केलं. "जा, वाइस इश," ठाऊक आहे म्हणाली ती, आणि मला काकांच्या घरात घेऊन दार लावलं.

दाराच्या आतल्या बाजूला स्तान्काकाकूंचे कागद होते. चाळीस दिवसांचा, म्हणजे मी फाडलेल्याचीच दुसरी प्रत, मग सहा महिन्यांचा, वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा, तिसऱ्या वर्षाचा. एकाखाली एक, सरळ ओळीत. जगाला कळावं म्हणून लावायचे कागद काका चार वर्षं एकटेच वाचत होते, माझ्या पायाखालच्या मजल्यावर. वेरानं त्या ओळीच्या शेवटी वडलांचा कागद लावला.

तिला गाडी पकडायची होती. जाताना तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. घर महिनाअखेरीला परत द्यायचंय, दार कोरं करून. "कागद तुम्ही काढाल ना? जरा जपून," ती म्हणाली. मी हो म्हटलं. आज अठ्ठावीस तारीख. रोज सकाळी मी खाली जाते, आतून कडी लावते, आणि एकही कागद न काढता वर येते.