वसुधाने जगवलेल्या पेशी

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेरंगूनच्या मॉलमध्ये बिलाच्या रांगेत उभी होते. शिरीष, तिचा नवरा, एवढंच म्हणाला, "मीनल, संपलं गं." मी ट्रॉली तिथेच सोडली आणि यिशुनला जायला एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसले. मोबाइलवर मराठी मंडळाच्या ग्रुपमध्ये श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. जोडलेले हात, पांढरी फुलं... आणि त्यांच्या मधोमध एका काकूंचा मेसेज, बहुधा दुसऱ्या कुणाला पाठवायचा तो चुकून इथे पडलेला: 'एवढ्या मांजरींच्या कुशी रिकाम्या केल्या, तळतळाट लागणारच.' लगेच तो पुसलाही गेला. पण मी वाचला होता. आता दीड महिना होत आला. मला अजून नीट रडू आलेलं नाही. राग येतो. सकाळी दात घासताना येतो, ऑफिसात ताळेबंद तपासताना येतो. शांत झाल्यावर तिच्याबद्दल लिहू असं ठरवलं होतं. ते होईल असं दिसत नाही, म्हणून आहे तशीच लिहायला बसले आहे.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. यिशुनला एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, आम्ही राहत होतो, ती दहाव्या मजल्यावर, मी सातव्या. तिच्या हातात बर्फाची पेटी होती आणि गळ्यात मंगळसूत्र, म्हणून मी मराठीतच विचारलं, "मासे चांगले मिळाले वाटतं?" ती म्हणाली, "मासे नाहीत हो. मांजरींच्या ओव्हरीज आहेत. लॅबला निघाले होते, कार्ड घरी विसरलं म्हणून परत आले." लिफ्टमध्ये एक चिनी आजोबाही होते, त्यांना भाषा कळत नव्हती हे नशीब. सातवा मजला आला तरी मी उतरले नाही. तिच्याबरोबर वर गेले, कार्ड घेऊन ती परत खाली निघाली तर तिच्याबरोबर खालीही गेले. तेवढ्यात आम्ही 'अहो'वरून 'अगं'वर आलो होतो.

ती जनावरांची डॉक्टर. महाराष्ट्रात शिकलेली, तिथेच पीएचडी केलेली. शिरीषच्या नोकरीमुळे इथे आली आणि दोन वर्षं घरी बसली, कारण 'नवऱ्याच्या व्हिसा-पासवर आलेली बायको' यापलीकडे तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मग एका प्रयोगशाळेत करारावर काम मिळालं. काम काय, ते तिने मला माझ्याच स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना समजावलं. बीजांडकोशातून, म्हणजे ओव्हरीतून, अंडं बाहेर पडलं की त्या जागी एक छोटी पिवळसर गाठ तयार होते. गर्भ टिकवणारं हार्मोन त्या गाठीतल्या पेशी बनवतात. वसुधा ती गाठ कापून, पेशी सुट्या करून, काचेसारख्या पारदर्शक ताटलीत वाढवायची. "पण शरीराबाहेर आल्या की त्या विसरतात गं," ती म्हणाली. "मरत नाहीत. चिकटतात, पसरतात, सगळं करतात. फक्त हार्मोन बनवायचं सोडून देतात."

"म्हणजे रिटायर होतात," मी म्हटलं.

"वेळेआधी होतात. आणि मी त्यांना कामावर परत बोलावते."

हे सगळं कशासाठी, तर या भागात पाणथळीत मासे पकडून जगणारी रानमांजरं आहेत, ती कमी होत चालली आहेत, पिंजऱ्यात त्यांना नीट पिल्लंही होत नाहीत. त्यांच्या गर्भाचं नेमकं कुठे बिघडतं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यांच्या पोटाला हात कोण लावू देणार? म्हणून ब्लॉकखाली फिरणाऱ्या साध्या मांजरींकडून शिकायचं. त्या मांजरींची पिल्लं वाढू नयेत म्हणून काही भली माणसं त्यांची शस्त्रक्रिया करून घेतात. काढलेलं सगळं कचऱ्यात जातं. त्या कचऱ्यातून वसुधा आपला वाटा उचलायची. तिच्या कामासाठी एकाही मांजरीला सुई टोचली गेली नाही. हे मी इथे ठळकपणे लिहिते आहे, कारण हे जिथे छापून येणार आहे ती पुरवणी काकू वाचतात.

त्या दोघांना मूल नव्हतं. का नव्हतं, हा त्यांचा प्रश्न होता, पण आपल्याकडे असा प्रश्न दोघांचा राहत नाही. एका हळदीकुंकवाला याच काकूंनी भरल्या घरात तिला म्हटलं, "मुक्या जीवांची ओटी उसवतेस, मग देव तुझी कशी भरेल?" खोलीतल्या सगळ्या बायका आपापल्या ताटलीत बघायला लागल्या. वसुधा म्हणाली, "मी उसवत नाही काकू, उसवलेलं उचलते. कोशिंबीर छान झालीय." घरी परतताना मी तिच्यावर उखडले. ऐकून का घेतलंस? सुनावायचं होतंस! ती हसली. "भांडत बसले असते तर उशीर झाला असता. मला अजून लॅबला जायचंय, पेशींना नवीन खाणं घालायचंय." तिच्या या शांतपणाचाही मला राग यायचा. आजही येतो.

पुढे तिला जे सापडलं ते फार साधं होतं. सगळे लोक पेशी अगदी एकेकट्या सुट्या करत. तिने काही गाठी पूर्ण मोडल्याच नाहीत, पेशींचे छोटे पुंजके तसेच राहू दिले. त्या पुंजक्यांतल्या पेशी जास्त दिवस हार्मोन बनवत राहिल्या. ती मला हे सांगायला धावत सातव्या मजल्यावर आली होती, लिफ्टची वाट न बघता जिन्याने. "शेजारी कुणी असलं की विसरत नाहीत गं!" तिने माझे दोन्ही हात धरले होते, आणि माझ्या हातांना कणीक लागलेली होती.

त्या पेशी ती गोठवून ठेवायची. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, नाव घातलेल्या बारीक नळ्यांमध्ये. काही वर्षांचं काम त्या टाकीत होतं.

मग पाठ दुखायला लागली. वजन उतरलं. एका डॉक्टरने ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने बसण्याची पद्धत सुधारायला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. प्रोफेसर, म्हणजे तिच्या लॅबचे प्रमुख, एकदा फुलं घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. "तू विश्रांती घे, इथलं सगळं आम्ही सांभाळतो," असं ते माझ्यासमोर म्हणाले.

त्यानंतर लॅब नव्या इमारतीत हलवायची ठरली. नव्या जागेत टाक्या कमी होत्या. वसुधाचा करार त्याच सुमारास संपला होता आणि तो कुणी वाढवला नव्हता. त्यामुळे तिच्या नळ्या कागदोपत्री कुणाच्याच नव्हत्या. त्या बाहेर काढून, ब्लीच ओतून, फेकून दिल्या. तिची सहायक ली टिंग त्या आठवड्यात रजेवर होती. परत आल्यावर तिला रिकामा कप्पा दिसला. ती रडत हॉस्पिटलमध्ये आली आणि तिने सांगून टाकलं. सांगायला हवं होतं की नव्हतं, यावर शिरीषचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्या दिवशी मी वसुधाला पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. आवाज चढवण्याइतकी शक्ती नव्हती तिच्यात. तिने चादर मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "मी अजून मेले नव्हते मीनल. विचारायचं तरी..." बराच वेळ तेवढंच म्हणत राहिली. विचारायचं तरी. संध्याकाळी तिने ली टिंगला पुन्हा बोलावून घेतलं. गाठ कशी ओळखायची, किती बारीक कापायची, कुठे थांबायचं, हे ती उशीला टेकून, दम खात सांगत राहिली. पुढचे काही दिवस तेच चाललं. नंतर तिला बोलणंही जमेना.

शोकसभा आमच्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये झाली. प्रोफेसर आले, बोलायला उभे राहिले. वसुधा किती प्रेमळ, किती कष्टाळू. शेवटी म्हणाले, "तिचं काम आमच्या लॅबमध्ये जिवंत आहे." मी उठले. माझं इंग्रजी रागात बरं होतं. "कुठे?" मी विचारलं. "कुठल्या टाकीत, तेवढं सांगा." ते म्हणाले, "ही त्याची जागा नाही." मी म्हटलं, "जागा तर तुम्हीच रिकामी केलीत." शिरीषने माझा हात धरून मला खाली बसवलं. बाहेर पडताना काकू म्हणाल्या, "अशा वेळी शोभतं का हे?" मी त्यांना विचारलं, मांजरीच्या बीजांडकोशाचा आणि माणसाच्या स्वादुपिंडाचा संबंध काय, तेवढा सांगा, मग शोभेचं बोलू. त्या निघून गेल्या. पुढे लॅबकडून शिरीषला मेल आली, सगळं नियमाप्रमाणे झालं आहे म्हणून. झालंही असेल. नियमात 'विचारा' असं कुठे लिहिलेलं नसणार.

मागच्या आठवड्यात ली टिंगचा फोन आला, तिच्या इथल्या खास तुटक इंग्रजीत. "ऑंटी, कम लाह. मस्ट सी." कुठल्याच लॅबमध्ये मी याआधी कधी गेले नव्हते. ली टिंगने आता दुसऱ्या एका गटात काम घेतलं आहे, आणि तिथल्या बाईंनी तिला कोपऱ्यातला एक जुना इनक्युबेटर वापरू दिला आहे. नव्या मांजरी, नव्या गाठी, सगळं पहिल्यापासून. वसुधाच्या त्या नळ्यांतलं काही परत येणार नाही, हे तिने मला आधीच सांगितलं. इनक्युबेटरसमोर ती थांबली, हातमोजे ओढले, दार उघडलं आणि आत वाकून हळूच म्हणाली, "बघू, बघू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, कारण ली टिंगला मराठी येत नाही. तिने ताटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पुन्हा तेच, "बघू, बघू." वसुधाचा स्वर. दुसऱ्या 'बघू'वरचा तो थोडा लाडिक हेलसुद्धा.

मी डोळा लावला. धूसर उजेडात पेशींचे छोटे छोटे पुंजके एकमेकांना चिकटून बसले होते, आणि प्रत्येकीच्या पोटात चरबीचे चमकते थेंब होते. "हार्मोन बनवतायत," ली टिंग म्हणाली. "अजून बनवतायत." मग तिने संकोचून विचारलं, "ऑंटी, त्या शब्दाचा अर्थ काय? वसुधा डॉक्टर दार उघडताना रोज म्हणायच्या. मला वाटायचं, पेशींसाठीच असतो तो."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिकडे बघतच मी म्हटलं, "हो. त्यांच्यासाठीच आहे."