औषधांचे पॉइंट्स

"या नंबरवर कोण कोण खरेदी करतं?" मी विचारलं.

"मीच करतो. आणखी कोण करणार?" पलीकडून उत्तर आलं.

मला हे उत्तर नको होतं. माझ्या स्क्रीनवर दिसत होतं की या माणसाच्या फोन नंबरवर आदल्या शनिवारी ह्यूस्टनच्या तीन टोकांना, शुगर लँडमध्ये, केटीमध्ये आणि पेअरलँडमध्ये जवळपास एकाच वेळी किराणा खरेदी झाली होती. तो स्वतः राहायचा समुद्राच्या बाजूला, केमिकल प्लांट्सच्या एका गावात. तिथून ह्यूस्टनला यायला दीड तास लागतो. एक माणूस तीन गावांत एका वेळी दूध आणि कोथिंबीर घेऊ शकत नाही, एवढं आमच्या सिस्टीमला कळतं. तिने अकाउंटला लाल खूण केली आणि केस माझ्याकडे पाठवली.

मी एका सुपरमार्केट चेनच्या लॉयल्टी डिपार्टमेंटमध्ये काम करते. आमची स्कीम सोपी आहे. बिल करताना तुमचा फोन नंबर टाकायचा. जेवढ्या डॉलरची खरेदी, तेवढे पॉइंट्स जमा होतात. मग आमच्याच पंपावर गाडीत गॅस भरताना तोच नंबर टाकायचा. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. पॉइंट्सप्रमाणे गॅलनचा भाव कमी होतो. नंबर टाकल्यावर पंपावरचा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. लोकांना ते फार आवडतं. त्यासाठी माणसं वाट वाकडी करून आमच्याकडे येतात.

कंपनीला आवडतं ते वेगळं. महिना संपला की न वापरलेले पॉइंट्स बाद होतात. त्याला ब्रेकेज म्हणतात. सगळी स्कीम ब्रेकेजवर उभी आहे. बहुतेक लोक विसरतात, म्हणून थोड्यांना सवलत देणं परवडतं. त्यामुळे जो एकही पॉइंट वाया घालवत नाही, तो आमच्या सिस्टीमला आधीच थोडा संशयित वाटतो. हा माणूस दर महिन्याला शेवटच्या पॉइंटपर्यंत सगळे वापरत होता.

त्यांचं नाव विजय डोंगरे. मी माझं नाव सांगितल्यावर त्यांनी इंग्रजी सोडलं.

"मराठी का तुम्ही? कुठल्या?"

"नागपूरची, काका."

"मी अमरावतीचा. बोल, काय प्रॉब्लेम आहे?"

मी म्हटलं, रूटीन चेक आहे. तुमच्या अकाउंटवर पॉइंट्स बरेच जमा होतात, म्हणून विचारतेय.

"होणारच," ते म्हणाले. "माझ्या मिसेसची औषधं तुमच्याच फार्मसीतून घेतो. एवढी औषधं आहेत की फार्मसीवाली पिशवी दोन्ही हातांनी देते. औषधांवर पॉइंट्स मिळतात ना? मी शैलाला म्हणतो, बघ, तुझ्या गोळ्या आपल्याला ह्यूस्टनला नेतात आणि परत आणतात."

ते हसले. मी हसू शकले नाही. औषधांचे पॉइंट्स मला वेगळे दिसत होते. औषधांवर आमची स्कीम फार कमी पॉइंट्स देते, त्यामुळे ते अगदी किरकोळ होते. बाकी सगळे कुठल्यातरी दुसऱ्या माणसांच्या किराण्याचे होते. ही माणसं कोण, ते डोंगरे काकांना माहीत नव्हतं. ती आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं.

पुढचं त्यांनीच सांगितलं. काकूंना कॅन्सर होता. ह्यूस्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात त्या ट्रायलवर होत्या. ट्रायल म्हणजे अजून तपासणीत असलेलं औषध. ते फुकट मिळतं, पण त्यासाठी सारखं हॉस्पिटलात हजर राहावं लागतं. कधी नुसतं रक्त द्यायला, कधी दिवसभर सलाइन लावून बसायला. ये-जा आपली आपण करायची. काका पाइपलाइन इंजिनिअर होते. कंपनीने ऑफिसच बंद केलं आणि त्यांच्या वयाच्या माणसाला नवी नोकरी मिळेना. त्यांच्याकडे जुना पिकअप ट्रक होता. तो गॅस पितो, असं ते म्हणाले. विकायला काढला तर कोणी घेत नव्हतं.

मी अकाउंट "रिव्ह्यू चालू" असा ठेवला. रिव्ह्यू चालू असेपर्यंत पॉइंट्स वापरता येतात. पण असा ठेवायला दिवसांची मर्यादा असते.

त्याच आठवड्यात मुलाला मराठी शाळेत सोडायला गेले. आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा शनिवारी भरते, चर्चच्या मागच्या खोल्यांमध्ये. तिथे कल्पना मावशी भेटल्या. मंडळात कोणाच्या घरी बाळंतपण असो की ऑपरेशन, डबे कोणी कधी द्यायचे हे मावशी ठरवतात. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू त्या सुपरमार्केटमध्ये आहेस ना? मग तू पण हा नंबर टाकत जा. आम्ही सगळे टाकतो."

त्यांनी फोन पुढे केला. नंबर डोंगरे काकांचा होता.

"मावशी, हे काय आहे?"

"अगं, एक जण आहेत. बायको आजारी आहे. आम्ही वर्गणी काढायचं म्हटलं तर म्हणाले, माझ्या दारात पाकीट घेऊन आलात तर मी दार उघडणार नाही. मग ही आयडिया निघाली. आपण किराणा घेतोच. पॉइंट्स त्यांच्या नंबरवर टाकायचे. कोणाचं काही जात नाही आणि त्यांना कळत नाही."

मी त्यांना म्हटलं, हे लगेच बंद करा. त्यांनी कारण विचारलं. ग्राहकाच्या अकाउंटबद्दल बाहेर बोलायची मला परवानगी नाही. मी म्हटलं, "मला सांगता येत नाही. पण आजच बंद करा." मावशींचा चेहरा पडला. त्या हुशार आहेत. दुपारपर्यंत त्यांनी सगळ्यांना मेसेज पाठवला.

पण झालेली खरेदी सिस्टीममध्ये होतीच. सोमवारी मी माझा बॉस ग्रेग याच्याकडे गेले. ग्रेग वाईट माणूस नाही. त्याची स्वतःची आई आजारी असते. तो ऐकून घेतो आणि मग नियमाकडे बोट दाखवतो. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत देते.

"हा फ्रॉड नाही," मी म्हटलं. "लोक त्याला मदत करतायत."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग हे जास्त वाईट आहे. म्हणजे अकाउंट त्याच्या ताब्यातच नाही. आणि तू विचारलंस तेव्हा तो म्हणाला, मी एकटाच वापरतो. रेकॉर्डवर आहे."

"त्याला तसंच वाटतं."

ग्रेगने थोडा विचार केला. मग म्हणाला, "पॉलिसीत हाउसहोल्डला परवानगी आहे. एका हाउसहोल्डने एक नंबर वापरला तर चालतो. हाउसहोल्ड म्हणजे कोण, हे आपण रक्ताच्या नात्यावरून ठरवत नाही. ग्राहक ज्यांना घरचे म्हणेल ते घरचे. त्याला परत फोन कर. रेकॉर्डेड लाइनवर त्याने एवढंच म्हणू दे की माझ्या घरचे लोक हा नंबर वापरतात. मी सही करतो. महिन्याच्या पॉइंट्सना थोडी मर्यादा येईल, पण अकाउंट राहील."

मला वाटलं, सुटलो. एक वाक्य तर हवं होतं.

मी फोन केला तेव्हा काका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होते. काकू आत होत्या. मी म्हटलं, "काका, मागच्या वेळी मी नीट विचारलं नाही. तुमच्या घरचं कोणी हा नंबर वापरतं का? नातेवाईक, कुटुंबातलं कोणी?"

"आमचं इथे कोणी नाही गं. मूलबाळ नाही. भाऊ अमरावतीला."

"जवळची माणसं? ज्यांना तुम्ही घरचे म्हणाल अशी?"

 मग त्यांचा आवाज बदलला. "तू मला परत परत तेच का विचारतेस? मी काही चोरी केली आहे का?"

"नाही, काका."

"मी तीस वर्षं प्रेशरचे रीडिंग बघितलेत. आकडा जुळत नसेल तर इंजिनिअर एकच प्रश्न दोनदा विचारतो. तुझा कुठला आकडा जुळत नाही?"

स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर लिहिलेलं आहे. "मला तपशील सांगता येत नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार." ते मी म्हटलं असतं तर संध्याकाळी त्यांचं अकाउंट फ्रॉड म्हणून बंद झालं असतं. मी म्हटलं, "काका, औषधांचे पॉइंट्स थोडेच आहेत. बाकीचे पॉइंट्स लोक घालतात. तुमच्यासाठी. फक्त म्हणा की ते तुमच्या घरचे आहेत. बाकी मी बघते."

त्यांनी गाडीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मंडळाचे लोक?" त्यांनी विचारलं.

माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. 

"म्हणजे मी दर वेळी पंपावर उभा राहून लोकांची भीक गाडीत भरत होतो."

"काका, ही भीक नाही."

"मग काय आहे? सांग ना."

 मी परत तेच म्हटलं. एक वाक्य म्हणा. काकूंसाठी म्हणा.

"ती माझ्या घरची माणसं नाहीत," ते म्हणाले. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. "लिहून घे. आणि माझं अकाउंट बंद कर. आत्ता, मी फोनवर असताना."

ग्राहकाने स्वतः सांगितलं की बंद करावंच लागतं. मी बटण दाबलं. त्यांनी "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्या सिस्टीममध्ये अशा केसला "कस्टमर इनिशिएटेड क्लोजर" म्हणतात. ग्राहकाने आपणहून बंद केलेलं अकाउंट. डिपार्टमेंटच्या दृष्टीने हा सगळ्यात चांगला निकाल. तक्रार नाही, वाद नाही, पॉइंट्स कंपनीकडे परत. स्क्रिप्ट सोडून बोलल्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. रेकॉर्डिंग बहुतेक कोणी ऐकलंच नाही. ग्रेग एवढंच म्हणाला, "यू ट्राइड."

काही आठवड्यांनी ऑफिसच्या लाइनवर मला फोन आला. आवाज बारीक होता, मध्येमध्ये थांबत होता.

"मी शैला डोंगरे. तू नागपूरची मुलगी ना?"

मी सॉरी म्हणायला लागले. त्यांनी थांबवलं.

"मला माहीत होतं सगळं. कल्पनाला नंबर मीच दिला होता."

"तुम्ही?" मी विचारलं.

"फक्त पैशासाठी नाही दिला," त्या म्हणाल्या. "विजय फार्मसीतून पिशवी घेऊन आला की तोंड असं करायचा, जणू मीच त्याला लुटतेय. मग पॉइंट्स वाढायला लागले. तो मला रोज सांगायचा, आज एवढे झाले, उद्या गॅस जवळजवळ अर्ध्या भावात. माझ्या आजारातून काहीतरी परत येतंय असं त्याला वाटायचं. मलाही बरं वाटायचं. आता तो गाडीत बोलत नाही."

"काकू, ट्रायल चालू आहे ना?"

"मी नाव काढून घेतलं. तो शनिवार-रविवार एका वेअरहाउसमध्ये उभ्याने काम करायला लागला होता, गॅसचे पैसे निघावे म्हणून. मग बाकीचे दिवस स्टिअरिंगवर. एकदा सिग्नलला झोपला. मी डॉक्टरांना सांगितलं, मला आमच्या गावच्या क्लिनिकमध्ये जे मिळतं ते द्या. त्याला सांगितलंय की डॉक्टरांनीच तसं ठरवलं. तू सांगू नकोस."

मी म्हटलं, नाही सांगणार. त्यांनी मला कशासाठी फोन केला होता ते मला आजही नीट कळलेलं नाही. रागावल्या नव्हत्या. कदाचित ही गोष्ट कोणालातरी सांगायची होती आणि मंडळातल्या कोणाला सांगता येत नव्हती. फोन ठेवताना म्हणाल्या, "तू जेवतेस ना वेळेवर?" आणि मला ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून बसावं लागलं.

काकू दिवाळीच्या आधी गेल्या. ट्रायलवर राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या का, हे कोणी सांगू शकत नाही. ट्रायलमध्ये तेच तर तपासत असतात. मी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, असा हिशोब करू नकोस. मी करते.

शेवटच्या दिवसांत कल्पना मावशी दीड तास ड्राइव्ह करून डबा घेऊन गेल्या होत्या. काकांनी दार उघडलं. "आभारी आहे" म्हणाले आणि डबा घेतला नाही. मावशींनी पायरीवर ठेवला. त्या गाडीत बसेपर्यंत काकांनी तो उचलून त्यांच्या गाडीच्या टपावर आणून ठेवला होता. अंत्यविधीची बातमी मंडळाला फ्युनरल होमच्या वेबसाइटवरून कळली. अंत्यविधीला आलेल्यांपैकी कोणाशी काका बोलले नाहीत. पुढे घर विकलं, एवढं समजलं. अमरावतीला गेले की इथेच कुठे आहेत, माहीत नाही.

मी अजून तेच काम करते. व्हेरिफिकेशनच्या कॉलवर तोच प्रश्न विचारते. फरक एवढाच, की उत्तर यायच्या आधी मी पॉलिसीतली हाउसहोल्डची व्याख्या सावकाश वाचून दाखवते, घरचे कोणाला म्हणायचं ते तुम्ही ठरवायचं, या शब्दांवर जरा थांबून. स्क्रिप्टमध्ये ते नाही. करू नये असंही कुठे लिहिलेलं नाही.

आजवर त्याचा फायदा ज्यांना झाला, ते बहुतेक खरे चोर होते. त्यांना इशारा लगेच कळतो. प्रामाणिक माणसं व्याख्या पूर्ण ऐकून घेतात आणि म्हणतात, नाही, मी एकटाच.