जोड्यांशेजारची जागा

“तुझी जागा बाहेर होती बे. बाहेर बस.”

गंगाधर देशमुख हे मला हसत म्हणाला. खांद्यावर ठेवायला म्हणून हात उचलला आणि ठेवला नाही. तो वर्गाच्या आत होता, मी उंबऱ्याच्या अलीकडे. माझ्या अंगात नवी काळी शेरवानी. पायाशी आत बसलेल्या सगळ्यांचे जोडे पडले होते.

बीडच्या आमच्या शाळेत दरसाल जुन्या विद्यार्थ्यांचा जलसा व्हायचा. गुरुवारी दुपारी सुरू व्हायचा आणि शुक्रवारी, जुम्याच्या सुट्टीला, संध्याकाळी संपायचा. इथून शिकून पुढे हैदराबादच्या विद्यापीठातून बी.ए. झालेले, वकील, मुन्सफ, नायब तहसीलदार, मोटारीतून यायचे. मुशायरा व्हायचा, पंगती उठायच्या. पण सगळ्यांचा जीव असायचा तो हाजिरीत. एकेका वर्गातल्यांनी आपापल्या जुन्या खोलीत जमायचं. जो लहानपणी सतरंजीवर जिथे बसत होता, त्याने तिथेच बसायचं. भिंतीचा भिंतीला, खिडकीचा खिडकीपाशी, खांबाचा खांबापाशी. म्हातारे सय्यद मास्तर हातात छडी घेऊन नावं पुकारायचे, आणि उशिरा आलेल्याला कोंबडा करायचे. मग तो मुन्सफ का असेना.

आज माझ्या वर्गाची हाजिरी होती. आणि माझी जुनी जागा दाराबाहेर.

मी महार. मला शाळेत घ्यायला सरकारची मनाई नव्हती, गावाची होती. गंगाधरच्या वडिलांनी निरोप धाडला होता, महाराचं पोर सतरंजीवर बसलं तर आमची पोरं उठतील. सय्यद मास्तरांनी मला हाकललं नाही. दाराबाहेर बसवलं. पोरं जोडे काढायची तिथे. तिथून अर्धाच फळा दिसायचा, उरलेला मी कानांनी वाचायचो. पावसाळ्यात पाठ भिजायची, आणि कुणाचा जोडा हलला तर आधी माझ्याकडे बघायचे. अशी मी शाळा केली.

मग ह्या जलशाला मी गेलोच कशाला? बायकोनेही हेच विचारलं होतं.

मी तेव्हा सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात होतो. एका संध्याकाळी स्टेशनात गंगाधर दिसला. बरोबर विद्यापीठातले चार दोस्त. मी सवयीने बाजूला झालो. त्यानेच हाक मारली, आणि दोस्तांना सांगितलं, “हा आमच्या वर्गातला.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “जलशाला ये की बे. सगळे येतात, तूच येत न्हाईस.”

आमच्या वर्गातला. दारू चढावी तसं ते चढलं मला. कारखान्यात हातोडा मारताना तेच ऐकू यायचं. मी शेरवानी शिवायला टाकली.

बायको म्हणाली, “तिथं कावून जाता? तुमच्यासाठी पाट मांडून बसलेत व्हय?”

“तुला न्हाई कळायचं,” मी म्हटलं. तिला चांगलं कळत होतं.

खरं सांगतो, मी गंगाधरवर लहानपणापासून जळत आलो. त्याची बी.ए. ऐकली तेव्हा दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. पण खरा जळफळाट झाला तो गुरुवारी संध्याकाळी. शाळेच्या आवारात लिंबाखाली सगळे गोल करून बसले होते. मी जरा हटून उभा. कुणी कुणाची गुळपोळी पळवली, कोण झाडावरून पडला आणि घरी बैल आडवा आला म्हणून सांगितलं, कुणी मास्तरांच्या शेंडी नसलेल्या डोक्यावर शेंडी काढली फळ्यावर. हसून हसून डोळ्यांत पाणी. “लई मजा केली बे आपण,” गंगाधर म्हणत होता, “ते दिवस परत मिळायचे न्हाईत.”

मी मनातल्या मनात शोधत होतो. आपल्याकडेही एखादी असेल. सांगताना हसू येईल अशी. एक तरी. सापडली नाही.

बी.ए. सोसली असती. मोटार सोसली असती. पण ज्या शाळेने मला पोळलं तिथे ह्यांना परत परत यावंसं वाटतं, हे सोसेना. आमचं बालपण एकाच छपराखाली गेलं. ह्यांना ते पुरतंय म्हातारपणापर्यंत, आणि मला लपवावं लागतं. त्या रात्री महारवाड्यात चुलत्याच्या घरी पडून मी ठरवलं, उद्या हाजिरीत आपलंही नाव पुकारतील. तेवढं एक घेऊन जाऊ. सांगायला होईल.

म्हणून तो “बाहेर बस” म्हणाला तरी मी परत फिरलो नाही. मी सय्यद मास्तरांकडे बघितलं.

“बैठ जाओ बेटा,” मास्तर म्हणाले, “एक घड़ी की तो बात है.”

आवाजात माया होती. त्या मायेनेच घात केला. मी शेरवानीचा घेर गोळा केला आणि बसलो. पंप शू, बूट, जरीचे चढाव आणि मी.

हाजिरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक हशा. एका वकिलाला मास्तरांनी जुन्या नावाने हाक मारली, “उंदऱ्या”, तर तो गडी लाजला. नायब तहसीलदार उशिरा आला. कान धरून कोंबडा झाला आणि तसाच वाकून हसत राहिला. त्याचाही मला हेवा वाटला. शिक्षासुद्धा त्यांची गोड झाली होती. मी मान लांब करून बघत होतो. फळा अर्धाच दिसत होता.

माझं नाव आलं.

सगळे वळले. सगळ्यांच्या तोंडावर माया. गंगाधरने खांबाला टेकूनच बोट दाखवलं. “बघा बघा, तसाच बसलाय. अगदी तसाच.” त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते. लिंब होता, फळा होता, छडी होती, आणि दाराशी महाराचं पोर होतं. त्यांचं बालपण आता पुरं झालं.

तेव्हा मला कळलं, मला बोलावलं कशाला. मी त्यांच्या वर्गातला नव्हतो, त्यांच्या वर्गाचं सामान होतो. आणि मी, मूर्ख, त्यांच्या आठवणींवर जळत होतो. मी तर त्या आठवणीतच होतो. पायाशी बसलेला.

जिभेवर आलेलं “हाजिर” मी गिळलं. उठलो. माझे जोडे काढले आणि त्यांच्या जोड्यांत ठेवले. उंबरा ओलांडला. सतरंजी पायाला मऊ लागली. पहिल्यांदाच लागत होती. मी सरळ खांबापाशी गेलो आणि गंगाधरच्या मांडीला मांडी लावून बसलो.

“हाजिर, जनाब,” मी म्हटलं.

गंगाधरने पाय ओढून घेतला. विंचू दिसल्यासारखा उठला. त्याच्यामागे भिंतीचे उठले, मग खिडकीचे. बी.ए. उठले, मुन्सफ उठले. विद्यापीठाने त्यांना शेक्सपियर शिकवला असेल, हाफिज शिकवला असेल. उठायचं मात्र ते घरूनच शिकून आले होते.

सय्यद मास्तरांनी पुढचं नाव पुकारलं. खोलीत मास्तर होते आणि मी होतो. त्यांनी छडी खाली ठेवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी दाराशी आलो. बाहेर गंगाधर जोडे घालत होता. “कावून केलंस बे असं? दोन घडीचा खेळ होता. सगळ्या जलशाचं वाटोळं केलंस.”

“खेळ तुमचा होता,” मी म्हटलं. “मी कवाच खेळत न्हवतो.”

त्याला पहिल्यांदा मी जी म्हटलं नाही, मालक म्हटलं नाही. शाळेच्या गड्यांनी माझ्यासमोर सतरंजी ओढत विहिरीवर नेली. ती धुऊन होईपर्यंत मी उभा राहिलो. नजर खाली घातली नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं विसर. तू नोकरीला आहेस, मानाने राहा. माझा हेवा काही गेलेला नाही. उलट वाढलाय. पण आता मला त्यांच्या आठवणींतला वाटा नको.

पुढच्या साली मी जाणार. कुणी बोलावणार नाही, तरी जाणार. सतरंजीवर बसणार, खांबापाशीच. ते उठले तर उठू देत. सतरंजी धुतली तर ओलीवर बसेन, गुंडाळून नेली तर फरशीवर बसेन. गड्यांकरवी उचलून बाहेर टाकलं तर त्याच्या पुढच्या साली परत येईन. त्यांना शाळा आठवली की गोड वाटतं ना? आता जेव्हा जेव्हा आठवेल, तेव्हा मधोमध मी बसलेला दिसेन.