पाचवं नाव

डोंबिवलीत पस्तीस वर्षं मी गाणं शिकवते, आणि ठेका चुकलेला मी कुणाचाही खपवून घेतलेला नाही. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते याच खोडीमुळे झालं.

तो कवी अफगाणिस्तानातून परागंदा झालेला. तरुणपणी पुण्यात शिकला, त्यामुळे हिंदी छान बोलतो. आता युरोपात कुठेतरी एका खोलीत राहतो. त्याची एक कविता मी मराठीत आणली आणि चाल लावायला घेतली. सोबतीला शाळेतले माझे जुने सहकारी होते, ठाण्यातल्या बाळकुमचे, चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवणारे. शनिवारी सर माझ्याकडे यायचे, मी पेटी काढायची, आणि फोन टेबलावर उभा करून कवीला ऐकवायचं, असं दोन महिने चाललं.

कवितेच्या शेवटी मागे राहिलेल्या पाच भावंडांची नावं होती. चार भावांची केरव्याच्या ठेक्यात अशी चपखल बसली की मी स्वतःवरच खूश झाले. पाचवं बहिणीचं. ते लांबलचक, काही केल्या समेवर येईना. कवीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यांच्याकडे बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत, आणि ते घेण्यासाठीच त्याने ही कविता लिहिली. मी मान डोलावली होती. माझं लक्ष तेव्हा कोणत्या पट्टीत गायचं याकडे होतं.

“बाई, ठेका थांबवू ना तिथे,” कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या शनिवारी सर म्हणाले; कवीचा फोन त्या दिवशी लागला नव्हता. “नाव होऊ दे सावकाश, मग परत उचलू. आमच्यात शब्दासाठी ऑर्गन थांबतो.”

मला राग आला. आता मला गाणं शिकवणार का, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी सांगितलं की कवीशी माझं बोलणं झालंय, चार नावं चालतील म्हणाला. साफ खोटं. सरांनी पुढे काही न विचारता व्हायोलिन उचललं.

ठाण्यातल्या कार्यक्रमात गाणं रंगलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, वन्समोअर आला, आणि मी हवेत. कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग कवीला मीच हौसेने पाठवलं. आपण खोटं बोललोय हे तोवर विसरूनही गेले होते.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. गाणं त्याने बहिणीला पाठवलं होतं. मराठी तिला कळत नाही, पण नावं कळतात. चार ऐकून ती पाचव्याची वाट बघत राहिली. मग तिने त्याला विचारलं होतं, इतक्या लांब जाऊनही तुला माझं नाव घ्यायची लाज वाटली का?

मी माफी मागायला लागले. त्याने मला थांबवलं.

“मी तिला सांगितलं, तुझ्या जिवाला धोका नको म्हणून मीच ते काढायला लावलं. तिला पटलं. आता ते परत घालू नका, नाहीतर मी खोटं बोललो हे तिला कळेल.”

त्या गाण्याला अजून मागणी असते. सरांना मी खरं सांगितलेलं नाही. चौथं नाव घेऊन समेवर येते, लोक टाळ्या वाजवतात, आणि मला मान वर करवत नाही.