रेसच्या दांडीतला दोरा
खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला आमची जुनी जीप आठवते. वडवणीहून बीडला माणसं नेणारी ती गाडी एका दसऱ्यानंतर उभ्या उभ्याच मोठ्यानं रेस घ्यायला लागली. पाय काढला तरी आवाज उतरेना. बाजाराच्या दिवशी ती एका म्हातारीच्या अंगावर जाता जाता राहिली. “काय करून ठेवलंस बे गाडीचं?” आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, ड्रायव्हरवर ओरडले. “लेकराची आन मालक, म्या हात न्हाई लावला,” तो म्हणाला. त्याला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडलं. इंजिनावर मीच घातलेला पूजेचा हार तसाच होता. पूजेचा म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. फुलं करपली होती आणि दोरा रेसच्या दांडीत गुंतला होता. मी तो तोडला, गाडी शांत झाली. “बघ, तो गेला अन् गाडी सुधरली,” मालक म्हणाले. मी दोरा चुलीत घातला. ड्रायव्हर बायको-लेकरं घेऊन ऊसतोडीला गेला. पुढं एकदा बाजारात भेटला, “बरं हाय का मालकीणबाई?” म्हणाला. मी हो म्हणाले. मालक तेव्हा वारले होते, मला अडवणारं कोणी नव्हतं. तरी मी सांगितलं नाही.