जावेच्या न्हाणीतल्या निळ्या टाईल्स

खोबरेल तापवल्याचा वास आला की मला माझ्या मोठ्या जावेची न्हाणी आठवते. दीर बोटीवर कामाला, पैसा आला तशा तिने न्हाणीत निळ्या टाईल्स लावल्या, तोंड दिसेल अशा चकचकीत. मधे एकच भिंत, आणि आमच्या न्हाणीत नुसता खडबडीत कोबा. सासूबाई माझ्या तान्ह्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालायला तिकडेच नेत, म्हणत, "तुझ्या कोब्यावर माझे पाय सोलतात गो." बाळ माझं न् न्हाणी तिची, मला बघवत नव्हतं. हे म्हणाले, "आपण कोब्यावर व्हिनाईलची प्लास्टिक शीट टाकू, चिकटवलं की झालं." मी म्हटलं, "मला तिच्यासारख्याच टाईल्स हव्यात, निळ्याच." दुकानात जायचं त्याच सकाळी सासूबाई बाळाला न्हाऊ घालून उठल्या आणि तेलाचा पाय टाईलवर सर्रकन घसरला, मी दारात टॉवेल घेऊन उभी. त्या कोपरावर पडल्या, पण बाळ छातीशी धरून ठेवलं, बाळाला काही झालं नाही. जाऊ धावत आली आणि मलाच म्हणाली, "लावलीस ना नजर माझ्या टाईल्सना!" दुकानात मी टाईल्सचे न् व्हिनाईलचे तुकडे ओले करून, अंगठा घासून बघितले आणि खरखरीत व्हिनाईलच घेतलं. आता मुलगी त्यावर नाचते, घसरत नाही. पण पाहुणे आले की सासूबाई त्यांना हातपाय धुवायला अजून तिकडेच पाठवतात, आणि मी इकडे चहा गाळत भिंतीपलीकडून ऐकते, "वा, काय टाईल्स आहेत!"